बेटिंगच्या जाहिराती आणि जिवंत ठेवलेलं खातं

इथे लीड्समध्ये मी ज्या एजन्सीत आहे, तिच्याकडे ब्रिटनचा परवाना असलेली एक बेटिंग कंपनी क्लायंट म्हणून आली, तेव्हा त्यांचं गूगल ॲड्सचं मूळ खातं सस्पेंड झालेलं होतं. आधीच्या एजन्सीने वेगळ्या ईमेलवर, वेगळ्या कार्डावर नवीन खाती उघडली होती आणि तीही एकामागोमाग उडाली. क्लायंटची मागणी मात्र सरळ होती: बॅन नको आणि बजेट वाढवा.

आम्ही नवीन खातं उघडायला नकार दिला. सस्पेन्शन चालू असताना दुसरं खातं उघडणं हाच गूगलच्या नियमांत गंभीर गुन्हा आहे. ‘यंत्रणेला बगल देणे’ या सदरात तो मोडतो आणि त्यावर पूर्वसूचना न देता कारवाई होते. पेमेंट प्रोफाइल, डोमेन, मॅनेजर खातं (अनेक खाती एकत्र सांभाळणारं) असे धागे जुळले की सगळा गोतावळा एकदम जातो. त्यामुळे ती जास्तीची खाती बंद केली, कोणी का उघडली हे अपिलात जसंच्या तसं लिहिलं, आणि तोवर कागदपत्रं हातात घेतली.

खरी मेख तिथेच होती. जुगाराच्या जाहिरातींसाठी गूगलचं सर्टिफिकेशन लागतं आणि तेही देशागणिक वेगळं. परवाना ब्रिटिश गॅम्बलिंग कमिशनचा, म्हणजे २००५ च्या कायद्याखालचा. कमिशनची नोंदवही ऑनलाइन कोणालाही बघता येते. त्यात कंपनीचं नाव, व्यापारी नावं, एवढंच नव्हे तर डोमेनसुद्धा असतात. मी ती उघडून शेजारी क्लायंटची बिलं ठेवली. परवाना एका कंपनीच्या नावावर, बिल मूळ समूहाच्या नावावर, जाहिरातदार पडताळणी तिसऱ्याच नावावर. त्यात ऑफरसाठी वापरलेलं एक डोमेन नोंदवहीत नव्हतंच. गूगलच्या तपासणाऱ्याने काय समजायचं? क्लायंटच्या वकिलांनी नाक मुरडलं, पण नावं एक करून घेतली, डोमेन नोंदवलं, आणि मग सर्टिफिकेशनचा अर्ज भरला.

लँडिंग पेजवर, म्हणजे जाहिरातीवर क्लिक केल्यावर उघडणाऱ्या पानावर, १८+, परवाना क्रमांक, गॅमस्टॉपची (स्वतःला ऑनलाइन जुगारापासून रोखून घेण्याच्या ब्रिटनमधल्या सोयीची) माहिती हे सगळं होतं, फक्त फिकट राखाडी अक्षरांत, मोबाइलवर बोटभर खाली. ते वर आणलं. डिझायनर आठवडाभर रुसला होता.

अपील मान्य झाल्यावर पहिल्यांदा लोकेशनची सेटिंग बदलली. गूगलमध्ये ठरीव पर्याय असा की त्या ठिकाणी असलेले आणि त्या ठिकाणात रस असलेले, दोघांनाही जाहिरात दिसते. म्हणजे पुण्यात बसून इंग्लिश क्लबांबद्दल शोधणाऱ्यालाही दिसू शकते. आम्ही ‘तिथे असलेले’ एवढंच ठेवलं. परवान्याच्या हद्दीबाहेर जाहिरात जाण्याचा हा सगळ्यात मुकाट रस्ता आहे.

सोशल मीडियावर मेटाची लेखी परवानगी वेगळी घ्यावी लागली. तिथे प्रायोजित जाहिराती २५ च्या वरच्यांनाच दाखवायच्या, असा ब्रिटनमधल्या या उद्योगाचाच संकेत आहे. क्लायंटला जाहिरातीच्या चित्रात प्रीमियर लीगचा एक स्टार हवा होता. ऑक्टोबर २०२२ पासून १८ खालच्या मुलांना जबरदस्त भुरळ पडेल असं काही चालत नाही आणि नामवंत फुटबॉलपटू त्यात पहिला येतो. स्टार गेला. त्याच्या जागी नुसते ऑड्स (पैजेचे भाव) आणि सामन्याची वेळ आली. क्लिक थोडे घटले, पण नामंजुरी थांबली.

बजेट मग टप्प्याटप्प्याने वाढवलं. खातं नुकतंच परत मिळालेलं असताना खर्च एकदम दुप्पट करायची मला हिंमत नव्हती, गरजही नव्हती. वाढीचा मोठा भाग आला तो नको ते शब्द काढण्यातून. शोधशब्दांचा अहवाल मी रोज सकाळी वाचायचो. त्यात ‘माझं खातं कायमचं बंद कसं करू’, ‘हरलेले पैसे परत मिळतात का’, ‘बेटिंगसाठी कर्ज’ असे शोध दिसायचे आणि प्रत्येकाच्या पुढे आपण मोजलेले पेनी. ते सगळे नकारात्मक यादीत टाकले, म्हणजे त्या शोधांवर आपली जाहिरात दिसणारच नाही. अशा माणसाला ‘फ्री बेट’ दाखवणं हे नियमाच्या आधी माणुसकीला सोडून आहे, असं माझं मत. क्लायंटला मात्र मी वाया जाणाऱ्या खर्चाचा आकडा दाखवला. तो लगेच पटला.

मध्ये एका ॲफिलिएटने, म्हणजे कमिशनवर ग्राहक आणून देणाऱ्याने, घोळ घातलाच. तपासणाऱ्याला एक पान आणि ग्राहकाला दुसरं, असा प्रकार तो आमच्याच ब्रँडच्या नावाने करत होता. परवान्याच्या अटींनुसार ॲफिलिएटच्या कृत्याचीही जबाबदारी कंपनीवर येते. त्याचं कमिशन त्याच संध्याकाळी बंद झालं.

भारतात ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन मनी गेमवर बंदीचा कायदा झाल्यापासून ओळखीपाळखीतून फोन येतात: ‘अरे दादा, तुम्हाला जमतं ना, आमचंही खातं टिकवून द्या.’ त्या कायद्यात नुसत्या जाहिरातीला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे. परवानाच मिळू शकत नसेल तर टिकवायचं काय? मी कायद्याची प्रत पाठवतो, फोन पुन्हा येत नाही.

सध्या आमच्याकडे वेगळीच धांदल आहे. १९ जानेवारी २०२६ पासून ब्रिटनमध्ये बोनसवरची फिरवाफिरवीची अट (पैसे काढण्याआधी बोनसच्या किती पट रकमेच्या पैजा लावायच्या ती) दहा पटींच्या वर ठेवता येत नाही, आणि बेटिंग व कॅसिनो एकत्र बांधलेल्या ऑफरही बंद. त्यामुळे जुन्या जाहिराती एकेक करून काढतोय, आणि मुख्य अटी गूगल जाहिरातीतल्या वर्णनाच्या ९० अक्षरांत बसवायच्या म्हणून कॉपीरायटरशी रोज शब्दाशब्दावरून हुज्जत चालू आहे.