भगवानदादा साकारताना

नाटकात सिनेनट भगवानदादांची भूमिका करतोय असं सांगितलं, की समोरचा पुढे काय बोलणार हे मला पाठ झालं होतं. जुहूचा पंचवीस खोल्यांचा बंगला, आठवड्याच्या सात वारांना सात गाड्या, आणि शेवटी दादरच्या चाळीतली खोली. मग एक सुस्कारा. 'नशिबाचा खेळ, दुसरं काय!' घरचे, ऑफिसातले, नाटकातले, सगळ्यांच्या तोंडी हीच गोष्ट. तो सुस्कारा डोक्यात घेऊन तालमीला उभं राहिलं की पाऊल जड होतं, आणि ही भूमिका तर पावलांवरच उभी आहे. या भूमिकेत माझी सगळ्यात जास्त मेहनत कशावर झाली असेल, तर ती कणव उतरवून ठेवण्यावर.

भगवान आभाजी पालव. जन्म १९१३ चा, वडील गिरणी कामगार. मूकपटांच्या काळात हा मुलगा सिनेमात शिरला, १९३८ मध्ये 'बहादूर किसान'च्या दिग्दर्शनात उतरला आणि मग वर्षानुवर्षं कमी पैशांतले मारधाडीचे सिनेमे काढत राहिला. ते सिनेमे बघायला कष्टकरी माणूस यायचा, पुढच्या स्वस्त बाकांवर बसायचा, शिट्ट्या मारायचा. त्या कमाईवर १९४७ मध्ये चेंबूरला जागृती स्टुडिओ उभा राहिला आणि १९५१ मध्ये 'अलबेला' आला. आमच्या संहितेचा पहिला अंक तिथे संपतो. वाचनाच्या वेळीच मला जाणवलं, की पहिल्या अंकातली चाळीस वर्षं प्रेक्षकाला ठाऊकच नसतात. त्याला एकदम नाच आठवतो आणि एकदम चाळ आठवते. मधला कामसू माणूस, जो स्वतः लिहायचा, दिग्दर्शन करायचा, उड्या मारायचा, हिशेब बघायचा, तो कुणाच्या लक्षातच नाही. मला तोच माणूस हवा होता.

कागदपत्रांचं काम निर्मात्याने बघितलं. संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे गेली, गाण्यांसाठी हक्कदारांची परवानगी काढली. नटाला त्यात फारसं काही करायचं नसतं, फक्त मंजूर झालेल्या संहितेच्या बाहेर जाऊन मनाला येईल ते बोलायचं नाही, एवढं लक्षात ठेवायचं.

खरं काम नाचाचं. नाच बसवणाऱ्या ताईंनी पहिल्या तालमीला गाणं आवाज बंद करून लावलं आणि म्हणाल्या, "हातांकडे बघू नका. माणूस उभा कुठे आहे ते बघा." ते बघायला लागलो आणि बघतच राहिलो. 'अलबेला'तलं 'शोला जो भडके' सगळ्यांनी इतक्या वेळा पाहिलंय, की प्रत्येकाला वाटतं आपल्याला ते येतं. गणपतीच्या मिरवणुकीत ते पाऊल गल्लोगल्ली पडतं, अमिताभ बच्चन यांच्या नाचातही त्याची सावली दिसते. पण शांतपणे बघितलं तर त्यात नाचणं जवळजवळ नाहीच. पाऊल वीतभर पुढे, तेवढंच मागे. गुडघे सैल. कोपर बरगडीच्या जवळ आणि पुढचा हात मोकळा. मान किंचित कललेली. ताल सगळा खांद्यात आणि मनगटात. अंगाने भरलेला माणूस, पण वजन कुठे टेकलंय ते कळू नये इतका हलका.

हे अंगात आणायला फार वेळ गेला. रंगमंचावर नटाला सवय असते ती शेवटच्या रांगेपर्यंत पोचण्याची. हात उघडा, पाऊल मोठं टाका, चेहरा वर ठेवा. इथे सगळं आतल्या आत घ्यायचं आणि तरीही शेवटच्या रांगेला दिसलं पाहिजे. ताईंनी माझ्या दोन्ही काखांत दुमडलेले रुमाल धरायला लावले. रुमाल पडला की गाणं पहिल्यापासून. कोपर जागेवर बसले तसे खांदे आपोआप बोलायला लागले. मग त्यांनी पायाखाली खडूने एक चौकोन आखला, जेमतेम दोन फरशांचा, आणि म्हणाल्या, "याच्या बाहेर जायचं नाही. दादांना यापेक्षा जास्त जागा लागत नव्हती."

तिसरी अडचण श्वासाची होती. दादांसाठी तो आवाज संगीतकार सी. रामचंद्रांनी लावलाय, चितळकर या नावाने. सोबत लता मंगेशकर. पडद्यावर ओठ हलवणाऱ्याला एकेक शॉट मिळतो, मध्ये थांबता येतं. रंगमंचावर मुखड्यापासून शेवटपर्यंत एका दमात जायचं, ओठ जुळवायचे, हसू ठेवायचं आणि पाय चुकू द्यायचे नाहीत. दुसऱ्या कडव्याला माझा दम संपायचा आणि नेमकं तिथे हसू ताठ व्हायचं. हे दुखणं रंगीत तालमीपर्यंत पूर्ण गेलं नव्हतं.

वेशभूषेत पोटाला कापसाची गादी बांधून बघितली. उभं राहिल्यावर छान दिसायची, पण नाचताना माणूस पुढे झुकायचा. वजन पोटात आलं की पाऊल आपटतं. शेवटी गादी काढली, पँटची कंबर वर घेतली, कोट थोडा आखूड केला. पुढचं काम उभं राहण्याच्या पद्धतीने केलं: छाती ताणायची नाही, टाचेवर भार ठेवायचा, हनुवटी जरा गळ्याकडे. मारधाडीचे सिनेमे करणाऱ्या, कुस्तीची आवड असलेल्या माणसाची ठेवण अशीच असते. आरशात बघून मला पहिल्यांदा वाटलं, की हा माणूस जमेल.

पहिल्या अंकात एक प्रवेश आहे, तो मी मनापासून टाळला असता. १९४२ मध्ये चित्रीकरणाच्या वेळी ललिता पवारांना थप्पड मारायची होती. ती जोरात बसली, चेहऱ्याच्या नसेला इजा झाली आणि त्यांचा डावा डोळा कायमचा अधू झाला. नायिका म्हणून बहरात असलेली बाई, आणि हे. पुढे त्यांनी चरित्र भूमिकांत जे साम्राज्य उभं केलं ते त्यांच्या जिद्दीचं, त्याचं श्रेय त्या अपघाताला देणं मला पटत नाही. आमच्या दिग्दर्शिकेलाही पटत नव्हतं. संहितेत थप्पड रंगमंचावर होती. तालमीत ती आम्ही नेहमीच्या पद्धतीने बसवली: माझा हात गालापासून लांबून जायचा, टाळी विंगेतून पडायची, सहकलाकार मान फिरवायची. तंत्र चोख होतं, पण टाळीच्या आवाजाला तालमीत बसलेली पोरं दचकून हसली. दिग्दर्शिका उठून आली. "हे नको. या आवाजावर मला कुणी हसायला नको." मग प्रवेश बदलला. आता थप्पड होऊन गेलेली असते. ललिताबाई पाठमोऱ्या बसलेल्या, आणि मी माझा उजवा हात धरून उभा. एकच वाक्य आहे मला, तेही अर्धवट. पूर्ण नाटकात मी सगळ्यात शांत उभा राहतो तो इथे, आणि रोज इथेच पाय थरथरतात.

दुसरा अंक उताराचा. 'अलबेला'नंतर तसं यश पुन्हा आलं नाही, पैसा सिनेमांत अडकला, बंगला गेला, स्टुडिओ गेला. छोट्या छोट्या भूमिका करत दादा पुढे अनेक वर्षं काम करत राहिले. ४ फेब्रुवारी २००२ रोजी ते गेले. इथे दिग्दर्शिकेचं आणि माझं जोरदार वाजलं. तिला चाळीच्या खोलीत एकट्या म्हाताऱ्याचं लांब स्वगत हवं होतं. मी म्हटलं, अगं, पण हा माणूस छोटं काम करायला जाताना रोज कपडे करून, भांग पाडून गेला असणार ना? सेटवर दोन मिनिटांचं का होईना, काम होतं. ते करणाऱ्याला आपण बिचारा ठरवायचं कुठल्या हक्काने? आणि विसर्जनाच्या मिरवणुकी त्यांच्या चाळीपुढे थांबायच्या, त्यांचंच गाणं वाजवायच्या, हे दादरकर आजही सांगतात. अशा माणसाला एकटा कसं म्हणायचं? दोन दिवस ती काहीच बोलली नाही. मग स्वगताची पानं अर्ध्याहून कमी करून आली, आणि त्या जागी एक प्रवेश लिहून आणला: म्हातारे दादा एका नव्या पोराला पाऊल शिकवतात. सूचना सगळ्या माझ्या तालमीतल्या. वीतभर पुढे, वीतभर मागे. माझ्या मते नाटकातला तो सर्वांत चांगला प्रवेश आहे, आणि त्याचं श्रेय पूर्णपणे तिचं.

पहिला प्रयोग दादरलाच शिवाजी मंदिरला झाला. तिसरी घंटा झाली तेव्हा विंगेत मी हात जोडून उभा होतो. इथल्या प्रेक्षकांत दादांना प्रत्यक्ष पाहिलेली माणसं असणार, हे माहीत होतं. गाणं सुरू झालं आणि मुखड्यालाच टाळ्यांनी ताल धरला. सुस्कारा मला कुठेही ऐकू आला नाही, शेवटच्या प्रवेशातही नाही. तिथे लोक हसत होते, पोराचं पाऊल चुकलं की बाल्कनीतून त्याला दुरुस्त करत होते.

प्रयोगानंतर रंगपटात एक आजोबा आले. मिरवणुकीत दादांना अनेकदा पाहिलेलं, म्हणाले. कौतुक केलं, आणि मग माझा हात धरून खाली ओढला. "एवढा वर नाही नेत ते. इथं, छातीच्या खाली. वर नेलात की तुम्ही नाचताय असं वाटतं." माझ्याच खांद्याला हात लावून त्यांनी मला दोनदा करून दाखवलं, कपाळावरचा रंग पुसायलाही सवड दिली नाही.

पुढच्या प्रयोगापासून हात तिथे आणला. छाती मोकळी राहिली, आणि दुसऱ्या कडव्याचा श्वास पुरायला लागला.