आमची वाटचाल : गाळा तोच, ब्रश बदलला

कोल्हापुरात अण्णांचं बोर्ड रंगवायचं काम होतं. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या मागचे मोर, गणेश मंडळांचे पडदे. फ्लेक्स आला आणि बघता बघता ब्रशचं काम थांबलं. 2012 साली त्याच गाळ्यात ताईनं आणि मी एक वॅकॉमचा टॅब्लेट, म्हणजे पेननं कॉम्प्युटरवर चित्र काढायची पाटी, मांडून डिजिटल चित्रांचं काम सुरू केलं. आज आम्ही चौघं आहोत. मुलांची पुस्तकं, दिवाळी अंक, गुळाच्या पेट्यांवरची चित्रं, असं सगळं करतो.

नवं गिऱ्हाईक हमखास म्हणतं, ‘कॉम्प्युटरवर काढता, मग दोन तासांत होईल की.’ म्हणून एका चित्राची हकिकत सांगतो. आम्ही आज जसं काम करतो, ते याच चित्रानं शिकवलं.

2016 सालचं एका दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ. विषय त्रिपुरी पौर्णिमेची पहाट, पंचगंगा घाटावरचा दीपोत्सव. काम आलं श्रावणात, नदीचं पाणी पायऱ्यांवर चढलेलं असताना. घाट आठवणीतूनच काढायचा होता. ताईनं काडेपेटीएवढ्या बारा चौकटी आखल्या आणि पेन्सिलीनं कच्ची चित्रं काढली. पहिल्या काहींत देवळं, दीपमाळा, गर्दी, सगळंच होतं, आणि त्या आकारात ते नुसतं खरखरीत दिसत होतं. नवव्या चौकटीत फक्त एक पायरी, वाकलेली आजी, नात आणि दोघींच्या मधे पणती. वर अंकाच्या नावासाठी मोकळं आकाश. बाकीचे दिवे पाण्यात ठिपक्यांसारखे. ती चौकट ठरली.

ती स्कॅन करून फिकट केली आणि वेगळ्या लेयरवर, म्हणजे वर ठेवलेल्या पारदर्शक थरावर, पक्की रेषा काढली. चित्र आरशात दिसतं तसं डावं-उजवं उलटं करून पाहिलं तर आजीचा एक खांदा घसरलेला. सरळ बघताना तो आम्हाला कुणालाच दिसला नव्हता. खरी अडचण मात्र उजेडाची होती. पणती खाली, म्हणजे उजेड खालून. भाचीला अंधाऱ्या खोलीत पणती घेऊन बसवलं तेव्हा कळलं की नाकाची सावली वर कपाळाकडे जाते, हनुवटी उजळते आणि बोटांच्या कडा उजेड आरपार गेल्यानं लाल दिसतात. त्या लाल कडांवर ताईनं एक अख्खी दुपार घालवली. माझ्या मते चित्राचा जीव तिथंच आहे.

मग आमची चूक झाली. उत्साहात थेट रंगाला बसलो. तीन दिवसांनी अण्णांना दाखवलं. पाटी लांबून वाचता येते का हे बघायला ते नेहमी डोळे बारीक करत, तसे केले आणि म्हणाले, ‘आजी कुठं गेली रे?’ चित्रातला रंग काढून पाहिला. आजीचं जांभळट लुगडं आणि मागचं निळं आकाश, दोन्ही एकाच करड्या छटेचे. रंग वेगळे असल्यानं आम्ही फसलो होतो. रेषेपर्यंत मागं जाऊन सगळं पुन्हा केलं.

छपाईआधीचा नमुना (प्रूफ) आला तेव्हा पहाटेचं निळं आकाश जांभळं झालेलं. स्क्रीन उजेडानं रंग दाखवते, ऑफसेट छपाईला चारच शाया: सायन (निळसर), मॅजेंटा (गुलाबी), पिवळी आणि काळी. सायनच्या जोडीला मॅजेंटा फार चढला की निळा जांभळ्याकडं झुकतो. मॅजेंटा खाली आणला तेव्हा पहाट परत आली. ज्योतीचा चकाकणारा केशरीही कागदावर उतरेना. शेवटी ज्योतीच्या गाभ्यात कागदाचा पांढरा तसाच सोडला आणि भोवतीचा अंधार गडद केला.

तेव्हापासून कामाचे टप्पे ठरवून घेतले. आधी चौकटी, मग रेषा, मग करडं चित्र, म्हणजे रंगाशिवाय नुसत्या उजेड-अंधाराचं. ते गिऱ्हाइकानं मंजूर केल्यावर निम्मे पैसे, आणि मगच रंग. सुरुवातीला दोन-तीन कामं यामुळं हातची गेली. आता जुनी माणसं स्वतःच ‘करडं कधी दाखवताय?’ म्हणून फोन करतात.

सध्या टेबलावर जोतिबाच्या चैत्र यात्रेचं चित्र आहे. सासनकाठ्या उभ्या राहिल्यात, डोंगर बसलाय. गुलालानं भरलेलं चित्र, पण अजून एकाही लेयरवर रंग नाही. अण्णा चार वाजता येतात. त्यांनी बघितलं की गुलाल उधळायला घेऊ.