पक्ष्याचं नाव शेवटी विचारा

पक्षीनिरीक्षणाच्या सामूहिक फेरीत पहिला पक्षी दिसला की चारही बाजूंनी एकच प्रश्न येतो, ‘कोणता आहे?’ माहीतगार नाव सांगतो, नाव वहीत उतरतं आणि मंडळी पुढे निघतात. दोन तासांनी यादीत चाळीस नावं जमतात, पण दुसऱ्या दिवशी एकट्याने गेल्यावर त्यातले पाच पक्षीही ओळखता येत नाहीत. हा स्मरणशक्तीचा दोष नव्हे. नाव हाती आलं की बघणं थांबतं, एवढंच. म्हणून फेरीत एक नियम आवर्जून पाळावा : पक्षी दिसल्यावर पहिलं अर्धं मिनिट कुणी नाव उच्चारायचं नाही. जाणत्याने तर मुळीच नाही.

त्या अर्ध्या मिनिटात आधी आकारमान पाहायचं. चिमणी, साळुंकी आणि कावळा ही तीन मापं डोक्यात पक्की असली की पुरतं. ‘चिमणीपेक्षा मोठा, साळुंकीपेक्षा लहान’ एवढं म्हणता आलं तरी निम्मे पर्याय गळतात. दुर्बिणीतून एकट्या पक्ष्याचं माप मात्र हमखास चुकतं, कारण शेजारी तुलनेला काही नसतं. तेव्हा तो बसलाय त्या फांदीची जाडी, आजूबाजूची पानं यांच्याशी ताडून पाहावं. मग चोच. आखूड, जाड, शंकूसारखी असेल तर पक्षी दाणे फोडणारा. बारीक आणि टोकदार असेल तर बहुधा किडे टिपणारा. आकड्यासारखी वळलेली असेल तर मांस फाडणारा. त्यानंतर शेपटी आणि हालचाल. धोबी सतत शेपटी खालीवर करत चालतो. वेडा राघू आणि कोतवाल हवेत झेप घेऊन किडा पकडतात आणि बऱ्याचदा पुन्हा त्याच जागी येऊन बसतात. अशी सवय एकदा नीट पाहिली की पुढच्या वेळी पक्षी लांबूनही ओळखू येतो.

रंग मुद्दाम शेवटी ठेवलाय. नवख्यांची सर्वांत मोठी गफलत रंगावर विसंबल्यानेच होते. उजेड पक्ष्याच्या पाठीमागून आला की पोपटसुद्धा काळा दिसतो. शिवाय पक्षी रंग बदलतात. जांभळ्या शिंजिराचा नर विणीच्या दिवसांत काळा-निळा झळझळतो. हंगाम सरला की मादीसारखा पिवळसर होतो, फक्त गळ्यापासून पोटाकडे जाणारा गडद पट्टा उरतो. ढोकरी काठावर बसलेली असताना चिखलाच्या रंगाची असते, उडाली की पांढरेशुभ्र पंख उघडतात आणि नवखा माणूस तिला वेगळाच पक्षी समजून दुसऱ्यांदा मोजतो. बगळ्यांत तर ‘पिवळी चोच म्हणजे मोठा, काळी चोच म्हणजे लहान’ हे सूत्र पाठ करणारे विणीच्या काळात फसतात, कारण तेव्हा मोठ्या बगळ्याची चोचही काळी होते. तिथे मानेची लांबी बघावी, आणि जबड्याची, म्हणजे तोंडाच्या फटीची, रेघ कुठवर गेलीय ते बघावं. मोठ्या बगळ्यात ती डोळ्याच्याही मागे जाते. लहान बगळ्याचे पाय काळे आणि पंजे पिवळे असतात, पण तो पाण्यात उभा असेल तर थोडी वाट पाहावी लागते. ती पाहावीच.

एक जोडी सगळ्यांनाच छळते : पाकोळी आणि भिंगरी. दोघी हवेत सुसाट, दोघींचे पंख लांब. विजेच्या तारेवर बसलेली दिसली तर ती भिंगरी. पाकोळीची चारही बोटं पुढे वळलेली असतात, त्यामुळे ती खडबडीत भिंतीला किंवा कड्याला लटकू शकते, पण तारेवर बसू शकत नाही. उडताना पाकोळीचे पंख कोयत्यासारखे ताठ वाकलेले असतात.

आता दुर्बीण. फेरीतल्या निम्म्या लोकांना पक्षी दिसत नाही तो दुर्बीण डोळ्यांना जुळवून घेतलेली नसते म्हणून, आणि त्यांना ते ठाऊकही नसतं. निघण्याआधी दहा मिनिटं यासाठी राखून ठेवा. दोन नळ्या जवळ-लांब करून दोन वर्तुळांचा एकच गोल करायचा. चष्मा असेल तर डोळ्याकडच्या रबरी वाट्या खाली, नसेल तर वर. कडेला काळ्या चंद्रकोरी दिसत असतील तर बहुधा इथेच चुकलंय. मग उजवा डोळा मिटून मधल्या चाकाने लांबची बारीक वस्तू, एखादी पाटी किंवा काटकी, स्पष्ट करायची. त्यानंतर डावा डोळा मिटून, मधल्या चाकाला हात न लावता, उजव्या नळीवरची कडी फिरवून तीच वस्तू स्पष्ट करायची. कडी कुठल्या खुणेवर थांबली ते लक्षात ठेवायचं. पुढे फक्त मधलं चाक फिरवायचं.

घ्यायचीच असेल तर सुरुवातीला 8×42. म्हणजे आठ पट मोठं दिसणं आणि पुढच्या भिंगाचा व्यास 42 मिलिमीटर. 42 भागिले 8 म्हणजे सव्वापाच मिलिमीटरचा प्रकाशाचा गोल डोळ्यात येतो, म्हणून पहाटेच्या अंधूक उजेडातही ती कामाला येते. दहा पटीची दुर्बीण जास्त दाखवेल असं वाटतं, पण ती हाताचा कंपही दहा पट करते आणि दृश्याचा घेर कमी करते. नवख्याला घेर जास्त हवा. पक्षी शोधताना नजर पक्ष्यावरच रोखून ठेवायची आणि दुर्बीण डोळ्यांपर्यंत वर आणायची. मान खाली घालून दुर्बीण शोधली की पक्षी हरवलाच.

‘अरे, त्या झाडावर!’ याचा कुणालाच उपयोग नाही. झाडाचा पसारा घड्याळाची तबकडी समजा, शेंडा बारावर. ‘वाळकं झाड, चार वाजता, खोडापासून हातभर बाहेर’ असं सांगितलं की सगळ्यांच्या दुर्बिणी एका जागी येतात. हात पूर्ण ताणून मूठ धरली तर ती सुमारे 10 अंश झाकते, आणि 8×42 दुर्बिणीचा घेर साधारण सात-आठ अंशांचा असतो. म्हणून ‘एक मूठ डावीकडे’ हीसुद्धा चांगली खूण.

गट दहा-बाराचा असावा. वाढला तर दोन तुकड्या कराव्यात, कारण मागच्यांपर्यंत पक्षीही पोचत नाही आणि आवाजही. सूर्योदयाच्या सुमारास सुरू करून दोन-अडीच तासांत दोनच किलोमीटर चाललात तरी चालेल. सूर्य पाठीशी राहील अशी वाट निवडा. शिकारी पक्ष्यांसाठी मात्र ऊन तापू द्यावं लागतं. गरम हवेचे झोत वर चढू लागले की घारी, गरुड त्यांवर घिरट्या घालतात.

आवाज ओळखणारं मर्लिनसारखं ॲप शिकण्याला मदत करतं, निकाल देत नाही. गटाची कुजबुज चालू असली की ते चुकतं, आणि भृंगराज दुसऱ्या पक्ष्यांची नक्कल करतो तेव्हा तेही फसू शकतं. स्क्रीनवर नाव आलं की तो पक्षी शोधायला लागा, दिसल्यावर किंवा कानाची खात्री पटल्यावरच नोंदवा. ध्वनिमुद्रित आवाज वाजवून पक्ष्याला बोलावणं मात्र टाळावं, विणीच्या काळात तर कटाक्षाने. हद्दीत प्रतिस्पर्धी घुसला असं समजून नर चारा आणि पिल्लं सोडून धावत येतो, आणि ती सगळी ताकद वाया जाते. घरट्याजवळही थांबू नये. आपण उभे असेपर्यंत पालक परत येत नाहीत; तेवढ्यात अंडी गार पडतात किंवा उन्हाने तापतात, आणि कावळ्यांना जागा कळते. फोटोसाठी आडवी फांदी बाजूला केली तर सावली आणि आडोसा दोन्ही जातात.

मोजणीला कमी लेखू नका. 1900च्या नाताळात अमेरिकी पक्षीतज्ज्ञ फ्रँक चॅपमन यांच्या सुचवण्यावरून शिकारीऐवजी पक्षी मोजायला 27 जण बाहेर पडले, आणि ती मोजणी आजही दरवर्षी होते. 1998पासून फेब्रुवारीत चार दिवस चालणाऱ्या ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंटमध्ये एका जागी किमान 15 मिनिटं मोजलं की सहभाग होतो. नवख्यांसाठी याहून सोपी सुरुवात नाही. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद करताना वेळ, अंतर आणि किती जण होते ते लिहा. ओळखता आलेले सगळे पक्षी नोंदवा, कावळे-पारवेसुद्धा. ‘नेहमीचे’ म्हणून ते गाळले की पुढे ते कमी होऊ लागले तरी आकडेवारीत दिसणार नाही. गटाची यादी एकच करून सर्वांना वाटा, नाहीतर एकच खंड्या बारा वेळा नोंदला जातो. थवा मोठा असेल तर दहा पक्षी नीट मोजा, त्या दहांनी व्यापलेली जागा नजरेत धरा आणि थव्यावर ती किती वेळा बसते ते पाहा. अंदाज सहसा कमीच निघतो.

शेवटची वीस मिनिटं बसण्यासाठी ठेवा. प्रत्येकाने सकाळी पाहिलेला एक पक्षी निवडायचा आणि नाव न घेता वर्णन करायचं : माप, चोच, शेपटी, हालचाल, कुठे बसला होता, काय करत होता. बाकीच्यांनी ओळखायचं. वर्णनावरून कुणालाच ओळखता आलं नाही, तर नेमकं काय बघायचं राहून गेलं ते तिथल्या तिथे कळतं, आणि पक्षी अजून आसपासच असतो. उठून पुन्हा बघून या.