करंगळीनं घ्यायला लावलेली गाडी

रॉयल एनफिल्डची सुपर मीटिऑर ६५०, एवढी मोठी मोटारसायकल कशाला, असं कुणी विचारलं की मी उजव्या हाताची करंगळी पुढं करते.

मी फिजिओथेरपिस्ट आहे, कोल्हापुरात माझं छोटं क्लिनिक आहे. गेली बरीच वर्षं माझ्याकडं २२० सीसीची अ‍ॅव्हेंजर होती आणि त्या गाडीवर माझा जीव होता. तिच्यावरूनच मी गगनबावडा, आंबोली, बदामी, गोकर्ण बघितलं. पण दीड-दोन तास सलग नव्वदच्या आसपास चालवलं, की उजवी करंगळी आणि अनामिकेची तिच्याकडची अर्धी बाजू बधिर व्हायची. चहाचा कप धरताना जाणवायचं. रात्री मुक्कामाला पोचल्यावरही मुंग्या जायच्या नाहीत.

नेमकी दीड बोटं म्हटल्यावर माझ्या पेशातल्या कुणालाही पुढचं सांगावं लागत नाही. या दीड बोटांची जाणीव अल्नार नर्व्ह सांभाळते. तळहाताच्या करंगळीकडच्या मांसल उंचवट्यात, मनगटाच्या दोन लहान हाडांमधल्या अरुंद वाटेनं ती बोटांत उतरते. लांबच्या सायकलस्वारांना हाच त्रास होतो, कारण हँडलवर त्याच जागी भार येतो. मोटारसायकलवर भाराच्या जोडीला थरथर येते. एका सिलिंडरचं इंजिन मिनिटाला सहा हजार फेरे घेत असेल, तर दर सेकंदाला शंभर झटके हँडलपर्यंत पोचतात. गाडी कुणाचीही असो, एकच मोठा पिस्टन वरखाली होतोय म्हटल्यावर थोडी थरथर राहणारच. उजव्या हाताला थ्रॉटल सोडता येत नाही, म्हणून दुखणं उजवीकडं जास्त. पेशंटला मी अशा वेळी सांगते, कारण काढून टाका, नाहीतर व्यायामाचा उपयोग नाही. मग स्वतःला वेगळं काय सांगणार?

तेव्हा माझी गरज वेगाची नव्हतीच. शंभराच्या आत, पण सबंध दिवस, आणि संध्याकाळी बोटं, मान, कंबर जागच्या जागी. मोठ्या इंजिनाचा खरा फायदा मला इथंच वाटतो. ज्या वेगाला लहान गाडी जीव तोडून पळते, त्याच वेगाला मोठी गाडी निवांत असते.

माझी उंची पाच फूट दोन इंच. गाडी बघायला जाण्याआधी मी भिंतीला पाठ लावून, दोन पायांत जाड पुस्तक धरून, जांघेपासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजलं. ते ७१ सेंटिमीटर भरलं. हा आकडा हातात असला की निम्म्या गाड्या आपोआप गळतात. हिमालयन ४५० ची सीट ८२५ मिलिमीटरवर, इंटरसेप्टरची ८०४. दोन्हींवर माझे चवडे टेकतात, टाचा अधांतरी. सपाट रस्त्यावर चालून जातं, पण खडीच्या उतारावर सामानासकट थांबायचं असेल तर मला दोन्ही पाय हवेत. मीटिऑर ३५० छान बसली होती, पण तीही एकाच सिलिंडरची. सुपर मीटिऑर ६५० ची सीट ७४० मिलिमीटरवर आहे. बूट घालून बसले, दोन्ही पाय टेकले, आणि माझ्या मनानं तिथंच घेतलं.

६४८ सीसी, दोन सिलिंडर, ४७ पीएस ताकद, सहा गिअर. दोन्ही पिस्टन २७० अंशांच्या फरकानं चालतात म्हणून आवाजात एक लंगडी लय असते, कानाला गोड लागते. थरथर मारायला इंजिनात बॅलन्सर शाफ्ट आहे. माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कंपनीच्या सांगण्याप्रमाणं ८० टक्के टॉर्क, म्हणजे ओढायचा जोर, मिनिटाला अडीच हजार फेऱ्यांनाच हजर असतो. घाटात ट्रकच्या मागं अडकलं तर सारखे गिअर पाडत बसावं लागत नाही. क्लच कमी दाबला जातो, डावं मनगट वाचतं.

हे सगळं २०२५ च्या गणपतीत चाललं होतं. ठरवून पैसे जुळवतोय तोवर ३ सप्टेंबरला जीएसटीचा निर्णय आला. ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांवर २८ चे १८ टक्के, आणि त्यावरच्या गाड्यांवर सेस धरून ३१ होते त्याचे थेट ४०. लागू २२ सप्टेंबरपासून, म्हणजे ऐन घटस्थापनेला. त्याआधी गाडी घ्यायची तर मधे फक्त पितृपक्ष. आमच्याकडं पितृपक्षात कुणी साधा स्टूलसुद्धा विकत आणत नाही. मी विषयच सोडून दिला होता. जेवताना सासूबाईंनी काढला.

“कधी आणायची म्हणतीस गाडी?”

“आई, आता पितृपक्ष लागतोय. नंतर बघू, महाग तर महाग.”

“तुझ्या सासऱ्यांनी राजदूतवर अख्खं कोकण पालथं घातलं. मला मागं बसवून, मांडीवर पोर घेऊन. पितर म्हणजे तेच की आता. सून गाडी घेतीया म्हणून ते रागावतील व्हय?”

नवरा ताटात बघत हसत होता. भरणी श्राद्ध झालं आणि त्याच आठवड्यात गाडी घरी आली. शोरूम रिकामं होतं. दोन मुलं निवांतपणे मला एकेक बटण समजावून सांगत होती, दसऱ्याच्या गर्दीत एवढा वेळ कुणी दिला नसता. पूजा मात्र आईंनी खंडेनवमीलाच केली, झेंडूचा हार हेडलाइटला, लिंबू चाकाखाली, सगळं रीतसर.

हौशींनी विम्याचंही गणित करून ठेवा. नव्या गाडीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम भरावा लागतो. १५० ते ३५० सीसीला तो ७,३६५ रुपये होता, ३५० च्या वर १५,११७. ऑन रोड किमतीत हा फरक गपचूप बसलेला असतो.

आता वजनाचं. गाडी २४१ किलो, माझी जुनी याहून ऐंशीएक किलोंनी हलकी. लोक मायलेज विचारतात, टॉप स्पीड विचारतात, पण गाडी आडवी झाली तर उभी कशी करणार हे कुणी विचारत नाही. कायदाही विचारत नाही. आपल्याकडं गिअरच्या मोटारसायकलचं एक लायसन्स काढलं की शंभर सीसीपासून हजार सीसीपर्यंत सगळं खुलं. युरोपात पायऱ्या आहेत. मधल्या ए-टू लायसन्सवर ३५ किलोवॅटपर्यंतचीच गाडी चालते, आणि ही गाडी जेमतेम त्या रेषेच्या आत बसते. अशी एखादी पायरी आपल्याकडंही असावी असं मला मनापासून वाटतं. ताकदीपेक्षा वजनासाठी.

आमच्या गॅरेजवाल्या मामांना मी म्हटलं, मला गाडी पाडून उचलायला शिकायचं आहे. त्यांनी दोन जुने टायर टाकले, त्यावर गाडी हळूच डावीकडं कलती केली. लेग गार्डमुळं ती पूर्ण झोपत नाही, तरी बघताना पोटात कालवतं.

“ताई, गाडी उचलायची न्हाई. ढकलायची. आणि तोंड तिकडं करून,” मामा म्हणाले.

मी रोज कंबर धरून आलेल्या लोकांना हेच शिकवते. वाकून, पाठीच्या जोरावर काही उचलू नका. आधी इंजिन बंद, गाडी गिअरमध्ये. मग गाडीकडं पाठ करायची, सीटची कड कुल्ल्यांना लागेल इतकं खाली बसायचं. हँडल जमिनीच्या बाजूला पूर्ण वळवून खालची मूठ एका हातात, दुसऱ्या हातात मागची ग्रॅब रेल. हात सरळ, पाठ ताठ, नजर समोर. आणि मांड्यांनी जोर लावत, पावलं अगदी लहान, मागं मागं चालायचं. पहिले दोन वीत गाडी हलतच नाही. मग एका क्षणी वजन टायरवर जातं आणि ती अलगद वर येते. तिथं जोर कमी करायचा, नाहीतर पलीकडं जाईल. उजव्या अंगावर पडली असेल तर उचलण्याआधी साइड स्टँड उघडून ठेवायचा. दुसऱ्या दिवशी माझ्या मांड्या भरून आल्या होत्या, पाठ मात्र ठणठणीत.

मामांनी आणखी एक सवय लावली. उताराकडं तोंड करून कधी पार्क करायचं नाही. ही गाडी मागं ढकलत चढ चढवणं एकट्याच्यानं होत नाही. हॉटेलसमोर थांबण्याआधीच निघायचं कसं ते बघायचं, मग स्टँड लावायचा. मंगळवार पेठेतल्या आमच्या गल्लीत मी पाण्याच्या बाटल्या ठेवून पहाटे आठचा आकडा गिरवला. क्लच अर्धा, मागच्या ब्रेकवर हलका पाय, मान वळायचंय तिकडं. गाडी बघत राहिलं की गाडी बसते, दूर बघितलं की वळते.

डिसेंबरात हंपी केलं. कोल्हापूरहून साधारण पावणेचारशे किलोमीटर. एक्सप्रेस वेवर आम्हाला मनाई आहे, समृद्धीवरही मनाई आहे, पण दक्षिणेकडचा ४८ नंबरचा हायवे दुचाकीला खुला आणि टोलही नाही, त्यामुळं कोल्हापूरकर रायडरचं तोंड सहसा तिकडंच असतं. निपाणीच्या पुढं तवंदी घाटात उजेड फुटत होता. बेळगाव मागं पडलं. कित्तूरच्या पुढं एका टपरीवर थांबले तेव्हा मी आधी ग्लोव्ह काढला आणि अंगठ्यानं करंगळीला टोचून बघितलं. पूर्ण जाणीव. मग चहा सांगितला.

हुबळीला हायवेवरचे ट्रक सुटतात आणि गदगचा रस्ता लागतो. काळी माती, कापूस, आणि गदगच्या आसपास क्षितिजभर पवनचक्क्या. पवनचक्क्या आहेत म्हणजे वारा आहेच. जुन्या गाडीवर इथंच माझे खांदे आखडायचे. आडव्या वाऱ्याची थाप बसली, की समोरून ट्रक गेला, की गाडी हातभर सरकायची. ही गाडी दीड मीटरचा व्हीलबेस, म्हणजे दोन चाकांमधलं अंतर, आणि अंगच्या वजनामुळं नुसती मान हलवल्यासारखी हलते आणि परत रेषेवर येते. पार्किंगमध्ये जे २४१ किलो नकोसे वाटतात ते इथं उपयोगी पडतात. कोप्पळमध्ये ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि एण्णेगायी, म्हणजे भरली वांगी, खाऊन निघाले आणि तुंगभद्रेचं पाणी दिसलं तेव्हा ऊन अजून चांगलं होतं.

पण माझ्या पेशंटांपैकी कुणी, विशेषतः एल-फोर एल-फाइव्हची, म्हणजे कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधल्या चकतीची तक्रार असलेल्यानं, हे वाचून उद्या अशी क्रूझर, म्हणजे पाय पुढं टाकून बसायची गाडी, बुक करू नये. पाय पुढं टाकून बसलं की ओटीपोटाचा सांगाडा मागं कलतो, कमरेचा नैसर्गिक बाक सपाट होतो आणि चकत्यांवरचा दाब वाढतो. त्यात खड्डा आला की साध्या गाडीवर फूटरेस्टवर भार देऊन बूड उचलता येतं. क्रूझरवर पाय अंगाच्या पुढं असतात, उचलताच येत नाही. मागच्या सस्पेन्शनची हालचाल १०१ मिलिमीटर, पोटाखाली जमीन १३५ मिलिमीटर. दिसायला ऐसपैस बैठक, पण धक्का सरळ माकडहाडातून वर जातो. क्रूझर हा प्रकारच चांगल्या रस्त्यासाठी आहे. ज्यांना लडाख, स्पिती, नाहीतर गावाकडचे पाणंद रस्ते करायचेत त्यांनी पाय पुरत असतील तर उंच गाडीच घ्यावी.

मी यावर तीन गोष्टी करते. खड्ड्याच्या आधी ब्रेक पूर्ण करून, खड्ड्यात ब्रेक सोडून जाते, म्हणजे पुढचं सस्पेन्शन आधीच दबलेलं नसतं. कमरेच्या बाकात टॉवेलची छोटी गुंडाळी जॅकेटच्या आत ठेवते. आणि टाकी १५.७ लिटरची असली, तिच्यात तीनशे किलोमीटर सहज निघत असले, तरी सव्वा तासाच्या वर सलग बसत नाही. उतरायचं, पाय खांद्याइतके फाकवून उभं राहायचं, हात कमरेवर, आणि सावकाश मागं झुकायचं, आठ-दहा वेळा. पेट्रोल पंपावरची माणसं बघतात. गदगजवळ एका ट्रक ड्रायव्हर काकांनी बघून विचारलं, मी मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये सांगितलं, मग त्यांनीही माझ्याशेजारी उभं राहून केलं. ट्रकवाल्यांच्या कमरेइतकी झिजलेली कंबर मी क्लिनिकमध्ये क्वचितच बघते.

सामानाच्या पिशव्या मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना, खाली, सारख्या वजनाच्या. वरच्या रॅकवर फक्त रेनकोट. पंक्चर किट आणि छोटा हवेचा पंप सोबत, कारण अलॉय व्हील आणि ट्यूबलेस टायर असल्यामुळं दोरी घालून दहा मिनिटांत निघता येतं. जुनीला स्पोकची चाकं होती, मागचं पंक्चर म्हणजे चाक उतरवा, ट्यूब काढा, अर्धा दिवस गेला.

जुनी अ‍ॅव्हेंजर भाचीनं नेली, ती जयसिंगपूरला कॉलेजला जाते. तिला आधी पाडून उचलायला लावली, मगच चावी दिली. आणि आईंनी एक मागणी केली आहे. मागं पाठ टेकायची सोय करून घे म्हणाल्या, कोकणातली सासऱ्यांबरोबर बघितलेली ठिकाणं त्यांना परत बघायची आहेत. त्यांचं वय चौऱ्याहत्तर. गुडघ्याची ताकद मी रोज तपासतेय, बॅकरेस्ट मागवला आहे, पाय ठेवायचे फूटरेस्ट त्यांच्या उंचीला पुरतात का ते या रविवारी स्टँडवर बसवून बघणार आहे.