घरच्या संगणकासाठी मोफत ऑफिस : आमची वाटचाल

पुण्याच्या नारायण पेठेतील छोट्याशा गाळ्यात आम्ही संगणक दुरुस्तीचे काम सुरू केले, तेव्हा आमचे बहुतेक ग्राहक तपकीर गल्लीतून सुटे भाग आणून जोडलेला किंवा एखाद्या कंपनीने विकून टाकलेला जुना संगणक घेऊन येत. यंत्राचे पैसे त्यांनी कसेबसे जमवलेले असत, त्यामुळे वर्ड-एक्सेलची किंमत ऐकली की "ऑफिस टाकून द्या ना, सगळेच देतात," हे वाक्य ठरलेले असे. चोरीची प्रत टाकून द्यायची नाही, हा निर्णय आम्ही पहिल्यापासून पाळला. 1957 च्या कॉपीराइट कायद्याचे कलम 63-बी अशी प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्यालाही लागू होते, आणि कुलूप फोडलेल्या प्रतीबरोबर घरात व्हायरस शिरतो, हे आम्ही दुरुस्तीच्या टेबलावर वारंवार पाहत होतो.

नुसता नकार देऊन मात्र ग्राहकाचे काम होत नाही. त्याला पत्र लिहायचे असते, सोसायटीच्या देखभाल खर्चाची बिले काढायची असतात, शिकवणीची प्रश्नपत्रिका तयार करायची असते. यासाठी आम्ही लिब्रेऑफिस या मोफत ऑफिस-सॉफ्टवेअरकडे वळलो. ओपनऑफिस हे आधीचे मोफत सॉफ्टवेअर घडवणाऱ्या अनेकांनी 2010 मध्ये वेगळे होऊन द डॉक्युमेंट फाउंडेशनच्या छत्राखाली हा प्रकल्प उभा केला आणि जानेवारी 2011 मध्ये त्याची पहिली स्थिर आवृत्ती आली. ते घरी वापरा, दुकानात वापरा किंवा शेजाऱ्याला द्या, परवान्याचा पैसा पडत नाही. जुन्या ओळखीमुळे लोक अजूनही ओपनऑफिसच मागतात. सुधारणा अधिक नियमित होत असल्याने आम्ही लिब्रेऑफिसच सुचवतो आणि ते अधिकृत संकेतस्थळावरूनच उतरवून घेतो.

खरी मेहनत मराठीसाठी करावी लागली. हे सॉफ्टवेअर देवनागरीला 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट' या वेगळ्या गटात धरते, त्यामुळे परिच्छेदाच्या शैलीत इंग्रजीसाठी निवडलेला फॉन्ट आणि अक्षरांचा आकार मराठी मजकुराला लागत नाही. "अक्षर मोठे केले तरी मराठी तेवढेच राहते," ही तक्रार घेऊन आलेल्या काकांना सॉफ्टवेअर बिघडले आहे असेच वाटत असे, आणि ते वाटणे साहजिक होते. आता संगणक घरी देण्यापूर्वीच आम्ही पर्यायांमध्ये मराठी भाषा निवडतो, मूळ शैलीत देवनागरीचा फॉन्ट आणि आकार स्वतंत्रपणे ठरवतो आणि इन्स्क्रिप्ट हा देवनागरीचा प्रमाण कळफलक सुरू करून देतो. श्रीलिपी या युनिकोडपूर्व पद्धतीच्या फॉन्टमध्ये टंकलेल्या जुन्या फायली हा आणखी नाजूक विषय आहे. त्या युनिकोड या आजच्या सर्वमान्य अक्षरसंकेतात रूपांतरित केल्यावर जोडाक्षरे आणि रफार डोळ्यांनी तपासावेच लागतात, म्हणून त्या कामाचा वेळ आम्ही वेगळा धरतो.

बाहेरून आलेल्या वर्डच्या फायली बहुतेक वेळा नीट उघडतात. वर्डच्या कॅलिब्री आणि कँब्रिया या फॉन्टच्या मापाचे कार्लिटो व कॅलाडिया हे फॉन्ट लिब्रेऑफिससोबतच मिळत असल्याने त्या फॉन्टमधल्या इंग्रजी पत्राची मांडणी सहसा हलत नाही. तरी बिघाड होतो तो मॅक्रोंमध्ये, म्हणजे फाइलमध्येच लिहिलेल्या आपोआप चालणाऱ्या सूचनांमध्ये. करसल्लागाराकडे काम करणाऱ्या ग्राहकाला एक्सेलच्या मॅक्रोंवर चालणाऱ्या फायली रोज हाताळायच्या असतील, तर आम्ही त्याला मायक्रोसॉफ्ट ऑफिसचा परवाना विकत घेण्याचाच सल्ला देतो. इंटरनेट भरवशाचे असेल आणि एकच तक्ता अनेकांनी भरायचा असेल, तर गुगलचे ऑनलाइन तक्ते सोयीचे पडतात.

सॉफ्टवेअर फुकट असताना तुम्ही पैसे कसले घेता, असे विचारले जाते आणि तो प्रश्न रास्त आहे. आम्ही बसवणी, जुळवणी आणि शिकवणी यांचे पैसे घेतो आणि पावतीवर तसेच लिहितो. शिकवताना फाइल ओडीएफ (ओपन डॉक्युमेंट फॉरमॅट) या स्वरूपात जपून ठेवायची आणि समोरच्याने मागितली तरच वर्डच्या .docx स्वरूपात पाठवायची, ही सवय आम्ही आग्रहाने लावतो. ओडीएफ हे 2006 पासून आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचे मानक आहे आणि त्याची रचना सर्वांना खुली आहे, त्यामुळे सोसायटीचे सचिव बदलले तरी नव्या सचिवांना जुनी इतिवृत्ते कोणताही परवाना न घेता उघडता येतात.

ऑक्टोबर 2025 मध्ये विंडोज 10 चा नियमित आधार संपल्यापासून, विंडोज 11 न पेलणारे पण अन्यथा धडधाकट असलेले संगणक आमच्याकडे येत आहेत. त्यांच्यावर आम्ही विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत कार्यप्रणाली बसवून देतो. त्यात लिब्रेऑफिस आधीपासूनच असते, तेव्हा आमच्याकडे उरते ती मराठीची जुळवणी आणि ग्राहकाचा प्रिंटर चालतो की नाही याची खात्री.