आई आणि मुलगा, बी जुळेना

एचएलए म्हणजे प्रत्यारोपणासाठी दाता जुळवताना पाहतात ती जनुकं, आणि टायपिंग म्हणजे कुणाकडे त्यांचे कोणते प्रकार (अलील) आहेत ते तपासणं. आईच्या टायपिंगमध्ये एचएलए-बीला फक्त बी*07:02, मुलाच्या टायपिंगमध्ये फक्त बी*42:01. दोघंही होमोझायगस, म्हणजे आईवडील दोघांकडून एकच अलील आलेले, आणि सामाईक अलील एकही नाही. कागदावर ती त्याची आई ठरतच नव्हती. कुटुंब अस्थिमज्जा प्रत्यारोपणासाठी आलेलं, त्यामुळे पहिला संशय अर्थातच नळ्यांच्या अदलाबदलीचा. एसटीआर, म्हणजे नातं तपासणारी डीएनए चाचणी, लावली. नातं पक्कं निघालं.

मग शेजारची जनुकं पाहिली. मुलाला वडिलांकडून आलेली माळ (एकत्र वारशाने येणारे अलील, म्हणजेच हॅप्लोटाइप) ए*30:01, सी*17:01, बी*42:01, डीआरबी1*03:02. आफ्रिकी वंशात ही नेहमीची. दुसऱ्या बाजूला ए*02:06, सी*07:02, डीआरबी1*04:07. अमेरिकेतल्या मूळनिवासी वंशात या तिघांच्या मध्ये बी*39:05 बसलेला असतो. सी आणि बी यांच्यात एक लाख बेसचंही (डीएनएच्या अक्षरांचंही) अंतर नाही. शेजारी सगळीकडे दोन-दोन अलील आणि मधल्या बीलाच एक, हे पटेना. आईचा सी मात्र खरोखरच दुहेरी सी*07:02, कारण बी*07:02 बरोबरही बहुधा तोच येतो. एकट्या आईचा अहवाल असता तर कुणाला शंकाही आली नसती.

कच्चे रीड्स, म्हणजे यंत्राने वाचलेले डीएनएचे तुकडे, उघडले. बीच्या एक्झॉन 2 वर (जनुकाच्या एका भागावर) साधारण 1,200 रीड्स, त्यातल्या चाळीसेक रीड्समध्ये वेगळे बेस, तेही एकाच क्रमाने. सॉफ्टवेअरने उंबरठ्याखाली म्हणून ते गाळले होते. प्रायमर, म्हणजे डीएनएची नक्कल जिथून सुरू होते तो छोटा तुकडा, जिथे बसतो तिथे, त्याच्या 3' टोकाजवळ, या अलीलमध्ये एक बेस बदललेला असावा. तसं झालं की पीसीआर (डीएनएच्या नकला वाढवणारी प्रक्रिया) दुसऱ्याच अलीलला वाढवत बसतो. वेगळ्या प्रायमरचं किट लावल्यावर दोघांतही बी*39:05 स्वच्छ दिसला. बी अलीलचे बीडब्ल्यू4/बीडब्ल्यू6 हे दोन गट ओळखणाऱ्या प्रोबची मदत झाली नसती. तिन्ही अलील बीडब्ल्यू6 चेच.

दात्याचा शोध दुहेरी बी*42:01 असा गेला असता, तर 'पूर्ण जुळणारा' म्हणून येणारा प्रत्येक दाता बीला न जुळणारा निघाला असता.

लोकसंख्येच्या अभ्यासात ही चूक अलगद निसटते. तिथे आईवडील नसतात. होमोझायगस जास्त निघाले की 'मिश्र लोकसंख्या, उपगट असणारच' म्हणून मोकळे होतात. पण उपगटांमुळे होमोझायगस वाढले तर ते ए, सी, डीआरबी1 सगळीकडेच कमीअधिक वाढायला हवेत. एकट्या बीलाच वाढले तर आधी प्रायमर तपासायचा. शिवाय लोक खरंच मोकळेपणी मिसळले असतील, तर हार्डी-वाइनबर्गचं प्रमाण (अलील किती आढळतात त्यावरून अपेक्षित असलेलं होमोझायगसचं प्रमाण) एका पिढीत जुळून येतं. पिढ्यानपिढ्या टिकतात त्या हॅप्लोटाइपच्या माळा. हाच नमुना ईएम पद्धतीत (टायपिंगवरून हॅप्लोटाइपचा अंदाज बांधणाऱ्या गणितात) घातला असता तर सी*07:02–बी*42:01 अशी माळ निघाली असती, आणि कुणीतरी ती मिश्रणातून घडलेली नवी हॅप्लोटाइप म्हणून छापलीही असती.

त्या आठवड्यात त्याच किटवरचे बी-होमोझायगस नमुने फ्रीझरमधून काढले आणि सगळे दुसऱ्या किटवर पुन्हा लावले.