त्यांच्या नोंदीत मी विंडोजवाली

मंगळवार, रात्री उशिरा

एका प्लगइन कंपनीला मेल केला होता, त्याचं अकरा दिवसांनी उत्तर आलं. राग यायला हवा होता, पण आधी हसूच आलं आणि मग ते हसू कुठेतरी अडकून बसलं ते अजून निघत नाहीये.

मागितलं होतं काय, तर त्यांचा तो रिव्हर्ब, म्हणजे आवाजाला घुमण्याची जोड देणारं प्लगइन (मोठ्या प्रोग्रॅममध्ये बसवायचा छोटा प्रोग्रॅम), ज्याच्याशिवाय दादाचा आवाज मला पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा वाटतो, त्याची लिनक्सवर थेट चालणारी आवृत्ती काढणार का. त्यांनी फार सभ्यपणे लिहिलंय. सध्या तसा विचार नाही, लिनक्सवरचे ग्राहक फारच थोडे. आणि शेवटी एक ओळ : आमच्या नोंदीप्रमाणे तुम्ही विंडोज वापरता, तेव्हा तुम्हाला अडचण येऊ नये.

सात वर्षं झाली मी विंडोज सोडून. सात!

पण नोंद खोटी नाही, हीच तर पंचाईत आहे. तो रिव्हर्ब घेतला तेव्हा मीच त्यांच्या साइटवरून विंडोजचा इन्स्टॉलर उतरवला, वाइनवर (ते विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवतं) बसवला, मधे याब्रिजचा पूल टाकला (तो विंडोजचं प्लगइन लिनक्सच्या प्रोग्रॅमला जोडतो) आणि रीपरला, म्हणजे माझ्या रेकॉर्डिंग-मिक्सिंगच्या प्रोग्रॅमला, सांगितलं की हे घे, हे आपलंच आहे. रीपरने मुकाट ऐकलं. विकणाऱ्याच्या बाजूने बघितलं तर एक विंडोजवाली आली, पैसे देऊन गेली. माझ्यासारखे असे किती असतील कोण जाणे. सगळे त्या नोंदीत विंडोजवाले. आणि त्याच नोंदीवर बोट ठेवून आम्हालाच सांगणार, तुम्ही फार थोडे आहात.

मेल लिहायचं कारण तसं फुटकळ होतं. सिस्टिम अपडेट केली आणि वाइन ९.२२च्या पुढे गेलं. तेव्हापासून याब्रिजमधून उघडलेल्या खिडकीत नॉब दिसतो एका जागी आणि क्लिक लागतो भलत्याच जागी. डिके, म्हणजे घुमणं किती रेंगाळेल ते, वाढवायला जावं तर प्रीसेट बदलतो. उपाय सगळ्यांना माहीत आहे, ९.२१वर परत जा आणि तिथेच खिळा ठोक. ठोकला. पण रात्री साडेअकराला, हेडफोन कानात आणि गाण्याचा दुसरा अंतरा डोक्यात असताना, आपण संगीत करतोय की कुणाच्या तरी घराची मागची खिडकी उचकटतोय, असा प्रश्न पडतो. त्यात दादाचा मेसेज, "झालं का?" त्याला काय सांगणार.

आणि जुन्या सबबी आता उरलेल्या नाहीत. व्हीएसटी३ हा स्टाइनबर्ग कंपनीचा प्लगइनचा साचा, त्याच्या एसडीकेमध्ये, म्हणजे प्लगइन बनवायच्या साहित्यात, लिनक्स २०१७पासून आहे. परवान्याची कटकट होती, ती २०२५मध्ये स्टाइनबर्गने एमआयटी हा मोकळा परवाना लावून मिटवली. बिटविग आणि यू-ही या संगीत-सॉफ्टवेअरवाल्यांनी २०२२मध्ये क्लॅप हा दुसरा साचा आणला, तो तर पहिल्या दिवसापासून मोकळा. आवाजाचं गणित सगळ्या सिस्टिमवर सारखंच, ते तिथे काय बदलणार? अडतं ते खिडक्या रंगवण्यात, चोरी अडवायची कुलपं लावण्यात, आणि ‘अमुक डिस्ट्रोवर (लिनक्सच्या अमुक अवतारावर) उघडत नाही’ म्हणून येणाऱ्या मेलला उत्तर देण्यात. हे तिसरं खरं दुखणं असावं. ते मला समजतं. समजून घ्यायची मला सवयच आहे म्हणा, पण तो विषय आज नको.

हायकू ही लिनक्सहूनही कमी लोकांची ऑपरेटिंग सिस्टिम (ओएस) वापरणाऱ्यांचं काय होत असेल? तिची पूर्वज बीओएस म्हणजे नव्वदच्या दशकातली मीडिया ओएस, ऐटच तशी होती. त्यांच्याकडे बघून मी रडणं जरा अतीच.

तरी ती ओळ डोक्यातून जाईना. नोंदीप्रमाणे तुम्ही विंडोज वापरता. जेवताना आठवली, भांडी घासताना आठवली. शेवटी जुन्या पावत्या काढून बसले, म्हटलं बघू तरी, लिनक्सवर थेट चालणाऱ्या प्लगइनला मी आजवर किती पैसे दिले.

एक. एकच, आणि तोही सेलमध्ये.

बाकी सर्ज एक्सटी हा सिंथ आहे, रोज वापरते, फुकट. ड्रॅगनफ्लाय रिव्हर्ब, फुकट. आर्डर या रेकॉर्डिंगच्या प्रोग्रॅमवाले त्यांच्या साइटवर तयार आवृत्तीचे पैसे मागतात, तर मी ती डिस्ट्रोच्या भांडारातून तशीच उचलली आणि ‘पुढच्या महिन्यात नक्की देते’ असं मनातल्या मनात म्हटलं. तो महिना यायचाय. म्हणजे ज्यांनी माझ्या दारात दुकान मांडलं त्यांना मी नमस्कार करून पुढे गेले, आणि ज्यांनी ओळख दाखवायचं नाकारलं त्यांच्याकडे पाकीट उघडलं. मग नोंद आणखी काय दाखवणार, कपाळ?

हे कळल्यावर बरं वाटायला नको, पण वाटलं. निदान सगळा दोष एका बाजूला नाही. आर्डरचे पैसे देऊन टाकले, रात्री बाराला.

दादाला आज ड्रॅगनफ्लाय लावूनच मिक्स पाठवलं. म्हणाला, "आवाज जरा मागे सरकल्यासारखा वाटतोय." चांगलं की वाईट ते बोलला नाही, मीही विचारलं नाही.

झोपायच्या आधी म्हटलं, निदान ती नोंद तरी दुरुस्त करावी. त्यांच्या साइटवर खात्यात शिरले. तिथे ‘तुमची ऑपरेटिंग सिस्टिम’ असा रकाना आहे, त्यावर क्लिक केलं की यादी खाली उघडते. यादीत दोन नावं. विंडोज आणि मॅक.

बराच वेळ बघत बसले. मग मॅक निवडलं.